एका पिशवीची हवा

बादली साधीच, पांढरी,
लोणच्याच्या कारखान्यातून मागून आणलेली.
झाकणाला रिदवाननं दोन भोकं पाडली,
एकात नळी, दुसऱ्यात पंपाची तोटी,
आणि आत एक पारदर्शक पिशवी, चुरगळलेली,
जन्माआधीच्या फुप्फुसासारखी.

पिशवी एकच.
तपासणीचे पैसेही एकाच पिशवीपुरते.
तीन शनिवार चर्चच्या पायऱ्यांवर समोसे विकले,
नोकुलुंगाच्या मावशीनं मैदा न मोजता दिला,
तेव्हा कुठे जमले.

म्हणजे रात्रही एकच निवडायची.
सगळ्यांत वाईट.

डरबनच्या दक्षिणेला आमची गल्ली संपते
तिथे रिफायनरीचं कुंपण सुरू होतं.
दिवसा साहेब येतात, मीटर दाखवतात.
मीटर म्हणतो, सगळं ठीक.
मीटर दिवसपाळीचा नोकर आहे.
वास रात्रपाळीला येतो.

अकरा रात्री आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर.
आणि सांगायला लाज वाटते,
आम्ही वासाची वाट पाहू लागलो
जशी लोक पाहुण्यांची पाहतात.
ये, म्हणायचो. आज तरी ये.
खाली तळमजल्यावर चार वर्षांची लिआन झोपलेली,
उशाशी दम्याचा निळा पंप,
आणि वर आम्ही, तिला खोकला लागावा म्हणून
(म्हणजे तसं नाही, पण तसंच)
नाकं वर करून बसलेले.

बाप माझा त्या कुंपणाच्या आत.
बावीस वर्षं, कंत्राटी, व्हॉल्व्हवर.
त्यानं मला कधी अडवलं नाही,
बादली कशाला, हेही विचारलं नाही.
एकदाच बूट काढता काढता म्हणाला,
वारा येईल तशी पाठ द्यावी, पोरी.
मी म्हटलं, डॅडी, इथे वारा चारी बाजूंनी येतो
आणि पाठ एकच असते.
तो हसला नाही.
त्याच्या ताटात त्यांचं मीठ होतं.
माझ्याही.
कॉलेजच्या फीमध्येसुद्धा.

बाराव्या रात्री वारा पडलेला, नुसती उकड.
नोकुलुंगा म्हणाली, चला, आज नाही.
रिदवान बादली उचलायला वाकला.
दोन वाजून चाळीस मिनिटांनी
माझा फोन एकदाच थरथरला
आणि गप्प.

मिस्ड कॉल. डॅडी.

कामावर फोन नेता येत नाही त्यांना,
गेटवर जमा करावा लागतो.
कुठे लपवला असेल?

मी म्हटलं, थांबा.
का, म्हणून कुणी विचारलं नाही.
चार मिनिटं. पाच.
मग धुरांड्याच्या तोंडावरची ज्योत दुप्पट झाली,
समोरच्या भिंतीवर आमच्या तिघांच्या सावल्या उठल्या,
आणि आला तो.
कुजक्या अंड्यांचा, आणि त्याच्या खाली
गोडसर काहीतरी, ज्याचं नाव
आमच्यापैकी कुणालाच येत नाही.

रिदवाननं तोटी उघडली.
पिशवी हलके हलके फुगू लागली.
तीन मिनिटं लागतात.
जन्मभर नाक मुठीत धरून राहिलेले आम्ही
मूठ सोडून उभे.
खाली लिआनच्या खोलीत दिवा लागला.

सकाळी कुरियरच्या खिडकीत
बाईनं खोकं कानाशी हलवून पाहिलं.
रिकामं आहे?
नाही. हवा आहे.
हवा? कुठली?
आमची.
तिनं चष्म्यावरून बघितलं, मग फॉर्मवर बोट ठेवलं.
एक रकाना राहिला होता: मालाची किंमत.
रिदवान आणि नोकुलुंगा दोघं माझ्याकडे वळले,
जणू ती मला माहीत असणार.

घरी आले तर बूट दाराबाहेर,
डाव्या बुटाचा आतला तळवा उचकटलेला.
डॅडीनं दोन कप चहा केला होता.
झोप झाली? त्यानं विचारलं.
नाही, म्हटलं. तुझी?
त्यानं साखरेचा डबा
माझ्याकडे सरकवला.